बर्फाच्या डब्यातला एकोणिसावा नमुना

मी एक जुना बर्फाचा डबा आहे. निळं अंग, पांढरं झाकण, खांद्याला अडकवायला पट्टा. झाकणाच्या एका कोपऱ्याला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी मारली आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या तोंडात पडलेले पोलिओचे दोन थेंब माझ्यासारख्याच कुणीतरी थंड ठेवले होते. तेव्हा जरा मान राखून ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या दोन भिंती उभ्या केल्या आणि मधल्या जागेत फेस भरला. तो फेस फुगला तेव्हा अंग फुटतंय की काय असं वाटलं होतं. पण त्यानंच मला माझा गुण दिला. बाहेर वैशाखाचं ऊन असो, माझ्या पोटात चार बर्फाच्या वड्या ठेवल्या की आतलं थंड ते थंडच राहतं. आठ वर्षं मी लस वाहिली. कुणकेश्वरच्या जत्रेत मंडपाखाली बसलो, पोरांची रड ऐकली, त्यांच्या आयांचे आशीर्वाद घेतले. मग झाकणाला तडा गेला आणि मला कपाटावर टाकून दिलं.

तिथून मला जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजची जीप चालवणाऱ्या गुरुदास ड्रायव्हरनं उचललं. कशासाठी, सांगू? मालवणहून बांगडे आणायला! माझ्यात! तीन महिने मी माशांचा वास सहन केला. एके दिवशी कॉलेजच्या आवारात शर्मिष्ठा मॅडमना मी जीपमध्ये दिसलो. मॅडम तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनी गुरुदासची अशी काही खरडपट्टी काढली की बिचारा पुढे दोन दिवस त्यांच्यासमोर आला नाही. मला ब्लीचिंगच्या पाण्यानं तीनदा धुतलं, चिकटपट्टी लावली आणि प्रयोगशाळेत ठेवलं. लस नाही, आता मी रक्ताचे नमुने वाहणार होतो.

तिथेच मला संचिता भेटली. एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, डोंगराकडच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, त्या माणसांनी आधीच पुष्कळ सोसलंय. घरची भातशेती आणि काजूची बाग. वडील लवू, आई मथुरा. मुलगी जंतूंचं शिकते म्हणजे नक्की काय करते, हे दोघांनाही नीट कळत नसे. पण लवू बाजारात भेटेल त्याला सांगायचा, "माझा चेडू डाक्टरांका शिकवणाऱ्या बाईंच्या हाताखाली आसा."

मुलगी हुशार होती, हो. विषाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, इतका तो बारीक. तो असल्याची खूण रक्तात शोधावी लागते. संचिताचा अभ्यास माकडतापाचा होता. हा ताप गोचिडीतून येतो. रानात एखादं माकड या तापानं मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि दुसरं शरीर शोधतात. एकदा तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "तापाच्या पहिल्या आठवड्यात काय शोधशील?"

"रक्तात विषाणूच शोधायचा, मॅडम. शरीरानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं अजून पुरती तयार केलेली नसतात."

"आणि त्याच्याही आधी?"

मॅडमनी माझ्या झाकणावरचा फॉर्म उचलून तिच्यासमोर धरला. "याच्यावर काय लिहिलंय ते बघायचं. रक्त थंड राहिलं आणि कागद खोटा निघाला तर तुझं सगळं शिक्षण फुकट." त्या फॉर्मवर एक प्रश्न असायचा. गेल्या पंधरा दिवसांत मेलेल्या माकडाशी संबंध आला का? होय किंवा नाही. ज्याच्या कागदावर होय, त्याचा नमुना आधी तपासायचा आणि त्याला लगेच दवाखान्यात ठेवायचं, असा आमचा नियम होता. या तापावर थेट औषध नाही. पण वेळेवर खाटेवर निजवलं, सलाईन लावलं, रक्तस्राव सांभाळला, तर बहुतेक माणसं उठून घरी जातात.

आता पुढचं ऐका. ही गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगतो.

यंदा ऐन काजूच्या दिवसांत लवूच्या बागेत एक वानर मरून पडलं. वानर म्हणजे मारुतीचं रूप, त्याला असंच टाकायचं कसं? गावानं त्याच्यावर पांढरं कापड घातलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं, बांबूची तिरडी बांधली. चौघांनी खांदा दिला. लवू, मंगेश, भाई आणि निलेश. नदीकाठी पुरलं. पण शेजारच्या वाडीत गेल्या साली असंच झालं होतं. दवाखान्यात कळवल्यावर बाहेरची माणसं आली, हातमोजे घालून त्यांनी वानर जाळलं आणि काजूच्या बागांत जायला बंदी झाली. ते सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून साऱ्या गावानं देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे साकडं, घातलं. गावातले वडीलधारे हरिश्चंद्र गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराक आम्ही मानान माती दिलंव. ही गजाल गावाभायर जाव नये, कोणी तोंडार हाडू नये, असो तुझ्यासमोर शब्द देतंव." आणि सगळ्यांनी आवाज दिला, "व्हय म्हाराजा!" त्यात लवूचाही आवाज होता.

पाचव्या दिवशी लवूला ताप भरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी संचिता मला घेऊन गावात आली. तिला गावात ताप आलेल्यांचं रक्त घ्यायचं होतं. अठरा घरं झाली आणि शेवटी ती स्वतःच्या अंगणात शिरली. लवू घोंगडी पांघरून पडवीत बसला होता. डोळे लालबुंद. मला बघून म्हणतो कसा, "ह्या काय गो? बांगडे हाडलंस?"

"नाय बाबा, रगात न्हेवक हाडलंय. ताप कधीपासून आसा?"

"खंयचो ताप? उन्हात काजी वेचलंय ना, म्हणान जरा अंग दुखता." त्यानं हात पुढे केला, सुई टोचताना तोंड फिरवलं. मुलीसमोर कण्हायचं नाही म्हणून ओठ दाबून धरले होते, ते मी पाहिलं.

संचितानं पेन काढलं. "बाबा, मेलल्या वांदराक हात लावल्यात काय?"

मथुरा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. लवूनं जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाय."

"खरा सांगा, बाबा."

"एकदा सांगलंय मां? नाय म्हणजे नाय."

दुसऱ्या कुणाला तिनं चारदा विचारलं असतं. कपडे झटकून बघितले असते, शेजाऱ्याला विचारलं असतं. पण बापाला उलट विचारणार कोण? आपला बाप खोटं बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं 'नाही'वर खूण केली. नळी माझ्या पोटात ठेवली. नमुना क्रमांक एकोणीस. तेव्हा मला खरं ठाऊक असतं आणि तोंड असतं, तर मी तिथेच ओरडलो असतो.

प्रयोगशाळेत त्या आठवड्यात नमुन्यांची रीघ लागली होती आणि तपासणीची रसायनं कमी पडत होती. संचितानं माझ्यातून एकेक नळी काढून लावली. 'होय'वाल्या पहिल्या रांगेत, 'नाही'वाल्या दुसऱ्या रांगेत. एकोणीस क्रमांक हातात आल्यावर ती थांबली. तिची मैत्रीण दिव्या शेजारीच होती. ती म्हणाली, "अगं, तुझे वडील ना? ठेव की पुढे. कोण बघतंय?"

"बाबा आहेत म्हणून पुढे ठेवू? मग ज्यांचं कुणी इथे नाही त्यांनी काय करायचं?" संचितानं नळी दुसऱ्या रांगेत ठेवली. तिचं काही चुकलं नाही. हे म्हणताना मला आजही राग येतो, पण तिचं काही चुकलं नाही.

दोन दिवस गेले. तिकडे लवूनं दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या आणि तापातच पुन्हा बागेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या रांगेचा निकाल आला. एकोणीस क्रमांक पॉझिटिव्ह. संचिता खुर्चीत बसली आणि फॉर्मकडे बघत राहिली. मग तिनं घरी फोन लावला. फोन मथुरानं उचलला. लवूच्या हिरड्यांतून सकाळपासून रक्त येत होतं.

गुरुदासनं जीप अशी हाणली की काय सांगू. दुसरा नमुना घ्यायला मी वॉर्डात गेलो तेव्हा लवू शुद्धीवर होता. रक्त घेताना त्याच्या काखेजवळ संचिताला गोचिडीच्या चाव्याचा काळा डाग दिसला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"चेडवा," लवू म्हणाला, "वांदराक मीच खांदो दिलंय. देवाक शब्द दिललो, म्हणान तुका सांगूक नाय. तुझ्याकडे खोटा बोललंय, ता माका रातभर खाता."

"बाबा, गप रवा. आता बोला नको."

"तुझ्या कागदार खोटा लिवला गेला गो, माझ्यामुळा. बाई रागावतली तुका."

त्या माणसाला मरताना मुलीला मास्तरीण रागावेल याची काळजी होती! मी आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली, पण त्या दिवशी माझ्यातला बर्फ नको इतक्या लवकर वितळला असं मला वाटलं. पुढे दोन दिवस लवूला भान नव्हतं. तापाच्या आठव्या दिवशी दुपारी तो गेला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मॅडमनी गुरुदासबरोबर मला संचिताच्या घरी पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. तुला जमणार नसेल तर मी स्वतः येते, पण खांदा देणाऱ्या बाकीच्यांचं रक्त आजच हवं. संचितानं चिठ्ठी वाचली आणि हातमोजे घातले. सुतक होतं, ती कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हती. पण दुखवट्याला सगळा गाव तिच्याच अंगणात जमला होता. मंगेश खांबाला टेकून बसला होता. भर दुपारी त्यानं कानाला मफलर गुंडाळला होता आणि दात वाजत होते.

संचिता त्याच्यासमोर बसली. "मंगेशकाका, मेलल्या वांदराक हात लावल्यात?"

मंगेशनं हरिश्चंद्रांकडे पाहिलं. हरिश्चंद्र खाली बघत होते. "नाय," मंगेश म्हणाला.

बाप मेला, तरी पुन्हा तेच 'नाय'! संचितानं पेन कागदावर टेकवलं, पण खूण केली नाही. वडील तिला खरं सांगून गेले होते, पण ते त्यांच्यापुरतं. बाकीचे तिघे कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. अंगणातले सगळे हरिश्चंद्रांकडे बघत होते.

मग माजघरातून मथुरा बाहेर आली. नवऱ्याला जाऊन तीन दिवस झालेली बाई, उंबऱ्याबाहेर यायची रीत नाही. ती आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"मी सांगतंय. चौगांनी खांदो दिलो. माझो घोव, मंगेश, भाई आणि निलेश. लिव."

"मथुरा!" हरिश्चंद्र उठले. "देवासमोर शब्द झालो हा. गप रव."

"त्या दिवशी दारात मी गप रवलंय," मथुरा म्हणाली. "माझ्या चेडवान बापाशीक इचारला आणि मी गप रवलंय. देवाक काय सांगूचा ता मी सांगान. संचिता, तू लिव."

संचितानं लिहिलं. तीन फॉर्म, तीन वेळा 'होय'. मंगेशनं मफलर सोडला आणि हात पुढे केला. त्याच्या पाठोपाठ भाई आणि निलेश उठून आले. गुरुदासनं मला मांडीवर घेतलं आणि वाटेत कुठेही थांबला नाही. मंगेश आणि निलेशला माकडताप निघाला. दोघं त्याच दिवशी खाटेवर गेले आणि पंधरा दिवसांनी आपल्या पायांनी घरी आले. संचितानं परीक्षा दिली. एकोणीस क्रमांकाचा तो कागद तिनं बदलला नाही, तसाच फाइलमध्ये लावून ठेवला.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, माझ्यात मासे घालू नका, एवढं तर सांगतोच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. उद्या कुणी कागद घेऊन तुमच्या घरी येईल, काही विचारील. तुमच्या घरातलं मोठं माणूस 'नाही' म्हणेल, आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. त्या दिवशी बोला. ओरडा बसला तर बसू दे. ओरडायला ते माणूस घरात असेल तरी.