पडद्याच्या जागी दार

माझं तोंड मोठं आहे, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि लाकडाचं ह्यांच्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनची. हे सुतार. ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, तेही सुतार. दोघं एकाच बाकावर काम करायचे. दीर टेप धरून माप मोठ्याने सांगायचे, हे तेच माप परत म्हणायचे, पेन्सिलीने खूण करायचे आणि मगच करवत चालायची. दिवसभर नुसते आकडे. ह्यापेक्षा दोघं भांडा तरी, असं मी म्हणायचे.

दीर आजारपणात गेले आणि आकडे बंद झाले. ह्यांनी करवत खुंटीला लावली ती लावलीच. जेवणावर वासना नाही, कामाचं नाव नाही, बाकाशी नुसते बसून राहायचे. एकदा हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "दादाबरोबर मीही गेलो असतो तर बरं झालं असतं." मी तशीच उठले आणि आरोग्य केंद्रात नर्सताईंना जाऊन सांगितलं.

ताई म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरबाई शहरात असतात, पण दर मंगळवारी आपल्या इथल्या खोलीत स्क्रीनवर भेटतात. हे ऐकूनच घेईनात. मला काय वेड लागलंय, यंत्रासमोर बसून रडू की काय. शिवाय त्या खोलीला दार नाही, नुसता कापडी पडदा, आतलं सगळं गाव ऐकणार. हे शेवटचं मात्र खरं होतं, आणि नर्सताईंनी ह्यांना तिथेच पकडलं. म्हणाल्या, मग मिस्त्री, दार तुम्हीच करून द्या, मंगळवारी माप घ्यायला या. त्या बाईला कमी समजू नका.

मंगळवारी हे चौकटीचा कोपरा तपासत होते, तोच मागे स्क्रीन लागली. डॉक्टरबाई तरुण, सारखा चष्मा वर सरकवणारी. तिने नमस्कार केला. ह्यांनी मान काही वळवली नाही. काय करताय, असं तिने विचारलं. हे म्हणाले, चौकट कुणीतरी डोळे मिटून बसवलीय, दादाने उपटून फेकली असती. दादा कोण, तिने विचारलं. आणि माझ्याशी कित्येक महिने धड न बोललेला माझा नवरा चौकटीकडे बघत बोलत सुटला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? घरात मी काय मुकी बसले होते?

पाठीशी बोलायला डॉक्टरबाईची हरकत नव्हती. उलट पुढच्या वेळी हत्यारं घेऊनच या म्हणाली. मग दर मंगळवारी आत भुसा पडायला लागला आणि मी पडद्याबाहेरच्या बाकड्यावर. तिने विचारलं, झोप लागते का? हे म्हणाले, लागते.

"कुठली झोप! रात्रभर कूस बदलत असतात," मी बाहेरून म्हणाले.

आत करवत थांबली. मग ह्यांचा आवाज आला, "डॉक्टरबाई, हे दार लवकर झालं पाहिजे." दोघंही हसले. ह्यांचं हसणं इतक्या दिवसांनी ऐकलं, की मी रागवायचंच विसरले.

पण ते जाण्याचं वाक्य काही ह्यांच्या तोंडून निघेना. तिने आडून विचारलं, सरळ विचारलं. मला फटीतून दिसायचं, प्रत्येक वेळी हे पडद्याकडे बघायचे आणि रंधा उचलायचे. माझा जीव त्या एका वाक्यात अडकला होता.

एका मंगळवारी फळी आखूड कापली गेली. असं कधीच झालं नव्हतं. करवत खाली आदळली. "माप सांगायला कुणी नाही," हे म्हणाले. "माझं मला खरं वाटत नाही." आणि दीर गेले तेव्हाही न रडलेला हा माणूस रडायला लागला. मी आत धावणार, तर नर्सताईंनी माझा दंड धरून ठेवला.

डॉक्टरबाईने ह्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "मिस्त्री, दुसरी फळी घ्या. तुम्ही माप सांगा, मी परत म्हणते."

आतून आकडे यायला लागले. आधी ह्यांचा आवाज, मग तिचा. मी बाकड्यावर बसून ऐकत राहिले. जन्मभर ज्या आकड्यांना कंटाळले, ते त्या दिवशी पुरेसे वाटेनात.

त्यानंतर घरच्या बाकावर टेप माझ्या हातात आला. माप मीच सांगते, आणि चांगलं मोठ्याने सांगते, त्याचं शिक्षण मला लागलं नाही. डॉक्टरबाईने लिहून दिलेल्या गोळ्याही हे न चुकता घेतात.

दार बसवून झालं तो मंगळवार. ह्यांनी बिजागऱ्यांना तेल दिलं, पडदा काढून नर्सताईंच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळले. "ते दादाबरोबर जाण्याचं, आज तिला सांगणार आहे," हे म्हणाले. "तुला दुसऱ्यांदा ऐकवायचं नव्हतं. तू थांब इथे."

दार लागलं. मी कान लावला, लावणारच. एक अक्षर ऐकू येईना. खाली नाही, बाजूला नाही, फट म्हणून कुठे ठेवली नव्हती.

नर्सताईंनी हळूच विचारलं, काय ऐकू येतंय?

"काही नाही," मी पदराने डोळे पुसत म्हणाले. "दार नीट बसलंय."