मयुरीनं निवडलेलं बेट

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून घरी जेवण ठेवलं होतं. पंगत अर्ध्यावर आली तेव्हा योगराजनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कॅरिबियनला चाललोय. तिकडं शेकड्यानं बेटं आहेत. कोणत्या बेटावर जायचं ते मयुरी ठरवणार. आजवर मी नेलं तिथं ती आली. आता ती म्हणेल तिथं मी जाणार."

शिरपूरहून आलेल्या धुरपदाबाईंचा हात ताटातच थांबला. लेकाकडं बघून त्यांचं मन भरून आलं होतं. सुनेला म्हणाल्या, "दख माय, असा नवरा भेटाले नशीब लागस."

मयुरी वाढत होती. ती नुसती हसली. पण खरं सांगायचं तर तिला मनातून फार बरं वाटलं. धुळ्यातल्या एका शाळेत ती सतरा वर्षं भूगोल शिकवत होती. जगातली निम्मी बेटं तिला नकाशावर डोळे मिटून दाखवता आली असती, पण त्यातलं एकही तिनं स्वतः निवडलेलं नव्हतं.

योगराज दातांचा डॉक्टर. धुळ्यातच देवपूर भागात त्याचा दवाखाना जोरात चालायचा. दहा वर्षांपूर्वी मालवणला सहलीला गेला असताना तो पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरला आणि वर आला तो दुसराच माणूस होऊन. मग अंदमान झालं, लक्षद्वीप झालं, मालदीव दोनदा झालं. नाशिकच्या पाच डायव्हर मित्रांशी त्याची गट्टी जमली. दर सहलीला मयुरी बरोबर असायचीच. सकाळी आठला ती सहा माणसं बोटीत बसून निघायची, त्यांतला कुणीतरी आपलं घड्याळ आणि पाकीट तिच्या हातात देऊन म्हणायचा, "वहिनी, जरा लक्ष ठेवा." मग दुपारपर्यंत ती आणि सहा जणांचे कपडे. संध्याकाळी जेवताना मंडळी पाण्याखालच्या गोष्टी सांगायची, आणि तिला सांगण्यासारखं काही नसायचं.

मालवणच्या त्या पहिल्या वेळी तिथल्या शिकवणाऱ्या पोरीनं मयुरीलाही विचारलं होतं, "ताई, तुम्ही पण या की. घाबरण्यासारखं काही नाही."

ती तोंड उघडणार तोच योगराज म्हणाला, "तिला नाही जमणार. लहानपणापासून कानाचा त्रास आहे."

इतक्या सहज म्हणाला, की मयुरीनंच वळून त्याच्याकडं पाहिलं.

असो. बेटाचं काम तिनं मनावर घेतलं. शाळेतून आली की चहाचा कप घेऊन संगणकापुढं बसायची. योगराजला उत्तम डायव्हिंग हवं होतं. तिला काय हवं होतं? हे तिला आधी स्वतःलाच विचारावं लागलं. एखादं शांत, संथ बेट. चालत जाता येईल असं गाव, बाजार, दोन शब्द बोलता येतील अशी माणसं. तो पाण्यात असताना आपल्यालाही दिवस असावा, एवढंच. शाळेतल्या प्रमिलाबाईंना ती मधल्या सुट्टीत सगळं ऐकवायची. त्या चेष्टेनं म्हणायच्या, "मयुरी, तू नवरीसारखी दिसायला लागलीस गं."

महिनाभरानं तिनं टोबॅगो निवडलं. लहानसं बेट, इंग्रजी बोलणारी माणसं, डोंगरात पायवाटा, पाखरं. शेजारच्या त्रिनिदादला दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं-पणतवंडं राहतात आणि डाळपुरी खातात, हे वाचून तर तिला कधी एकदा तिथं जाऊन एखाद्या बाईशी बोलते असं झालं.

योगराजनं सगळं ऐकून घेतलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण तिथं प्रवाह फार. आणि ओरिनोको नदीचं गढूळ पाणी येतं. पाण्यात दिसायला नको का काही? तू बघ अजून. घाई नाही."

ओरिनोको तिनंच वर्गात शिकवली होती. तिला ते पटलं. मग तिनं क्युरसाव काढलं. रंगीत घरांचं शहर, पाण्यावर तरंगणारा पूल, आणि डायव्हिंगही चांगलं. त्यावर तो म्हणाला, "शहरच बघायचं तर एवढ्या लांब कशाला? त्याच्या शेजारचं बोनेर बघितलंस का? बघ हं, माझा काही आग्रह नाही."

बोनेर तिनं बघितलं होतं. तिथं गाडी रस्त्याकडेला लावायची आणि थेट किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचं. डायव्हरसाठी स्वर्ग. बाकी मिठागरं, निवडुंग आणि रोहित पक्षी. वाईट नव्हतं. पण तिथं आपण पुन्हा कपडे सांभाळत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं. चार दिवस तिनं विचार केला आणि क्युरसाववरच कायम राहायचं ठरवलं. त्यानं स्वतःच तर म्हटलं होतं, ती म्हणेल तिथं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती परस्पर ट्रॅव्हलवाल्या स्वप्नीलच्या ऑफिसात गेली. स्वप्नील योगराजच्या सगळ्या सहली बघायचा.

"क्युरसाव पक्कं करा," ती खुर्चीत बसत म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीतलं. दोघांचं."

स्वप्नील गोंधळला. "क्युरसाव? मॅडम, तुमचं तर बोनेर आहे ना?"

"नाही नाही. ते नुसतं बोलण्यात होतं."

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. वर बोनेर, दिवाळीतल्या तारखा. खाली सात नावं. नाशिकचे पाच, सहावा योगराज. सहाही नावांपुढं डायव्हर लिहिलेलं. सातवं नाव तिचं. त्यापुढं नॉन-डायव्हर.

"हे कधी केलं?"

"फेब्रुवारीत." स्वप्नीलला आता आपण काहीतरी घोळ केल्याचं कळलं होतं. "सर म्हणाले होते, मॅडमना एवढ्यात सांगू नका. त्या शोधत शोधत येतील बरोबर तिथंच."

पंगतीतली घोषणा जूनमधली होती.

मयुरी घरी आली. योगराज दुपारच्या जेवणाला आला तेव्हा तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "स्वप्नीलकडं गेले होते."

तो हसला. "अगं, तू किती रमली होतीस त्यात! तुला तेवढाच आनंद. म्हटलं, कशाला मोडायचा?"

"मला खेळायला दिलं होतंत."

"शब्द वाकडे करू नकोस. आणि तुला फरक काय पडतो, सांग ना. तू पाण्यात उतरत नाहीस. किनारा कुठलाही घे, सारखाच."

"मी पाण्यात का उतरत नाही?"

"आता ते काय मध्येच?"

"सांगा ना. का उतरत नाही मी?"

"कानामुळं," तो ताटात बघत म्हणाला.

"कानाला काय झालं माझ्या?"

योगराजनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याचे कॉलेजचे मित्र जेवायला आले होते. बोलता बोलता तो म्हणाला, लक्षद्वीप बंगालच्या उपसागरात आहे. मयुरी हसून म्हणाली, "अहो, अरबी समुद्रात." मित्रही हसले. मित्र गेल्यावर ओट्यापाशी त्यानं तिच्या डाव्या कानाखाली मारली. एकच. कानातून रक्त आलं. धुळ्यातले डॉक्टर ओळखीचे, म्हणून तो तिला जळगावला घेऊन गेला. बाथरूममध्ये पाय घसरला असं त्यानंच सांगितलं आणि तिनं मान हलवली. पडदा फाटला होता. शस्त्रक्रिया झाली, थोडंफार ऐकू यायला लागलं. पण खोल पाण्यात कधी जायचं नाही, असं त्या डॉक्टरांनी बजावलं होतं. योगराजनं पुन्हा कधी हात उचलला नाही. तीच तो माफी समजत असावा. तोंडानं त्यानं ती कधी मागितली नाही.

"इतक्या वर्षांनी हे उकरून काढतेस?" तो आता म्हणाला. "एका सहलीपायी?"

"मी येणार नाही," मयुरी म्हणाली. "माझं नाव काढा."

त्यानं आठ दिवस समजूत घातली, मग पंधरा दिवस अबोला धरला, मग नाव काढलं. दिवाळीच्या सुट्टीत तो बोनेरला गेला. मयुरी घरीच राहिली. पुण्याहून आलेल्या लेकीनं विचारलं, "आई, तू का नाही गेलीस?" तेव्हा तिनं थकवा आहे म्हणून सांगितलं. लेकीला काय सांगावं हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

योगराज परत आला तो उन्हानं काळवंडून, खुशीत. आल्यावर पहिल्याच रविवारी त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. संध्याकाळी मोठ्या टीव्हीवर पाण्याखालचे व्हिडिओ लावले. धुरपदाबाई पुढं खुर्चीवर, धाकटी सून रत्ना त्यांच्या पायाशी, बाकी दीर, आतेसासू, शेजारपाजारचे. निळ्या पाण्यात पिवळे मासे फिरत होते आणि योगराज एकेकाचं नाव सांगत होता.

आतेसासूंनी विचारलं, "मयुरी कसाले नही गई?"

"तिला जमत नाही हो," योगराज टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "कानाचा त्रास आहे ना. लहानपणापासून."

मयुरी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"लहानपणापासून नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो तसा तो पोहोचला. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी मारलं. पडदा फाटला. तेव्हापासून."

दिरानं मान खाली घातली. योगराजच्या हातात रिमोट होता, तो तसाच राहिला. पडद्यावरचे मासे मात्र फिरत होते.

धुरपदाबाईंनी सुनेकडं पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, हेच मयुरीला जास्त लागलं. पोरानं हट्ट धरावा आणि थोरल्यानं समजवावं तशा त्या म्हणाल्या, "एकच कान ग्या ना माय, दुसरा शे ना." मग लेकाकडं वळल्या. "योगराज, तो मोठा मासा परत दखाड रे."

योगराजनं व्हिडिओ मागं नेला. कुणीतरी चहाचा कप उचलला. हळूहळू खोलीत पुन्हा आवाज सुरू झाले.

मयुरी बाहेर आली आणि पायरीवर बसली. अठरा वर्षं तिला वाटत आलं होतं, की हे एकदा बोललं तर छत कोसळेल. काही कोसळलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं आणि चहा घेतला होता.

थोड्या वेळानं रत्ना बाहेर आली, तिच्या शेजारी टेकली. मग काहीतरी हळू बोलली. मयुरीला नीट ऐकू आलं नाही.

"कोणता कान, ताई?" रत्नानं तिच्या हाताला हात लावून विचारलं.

"डावा."

रत्ना उठली आणि दुसऱ्या बाजूला येऊन बसली.