सुई नऊवर होती

चिंतामणरावांना सगळं जग ऐकू येतं, एक बायको सोडून, असं प्रभाताईंचं जुनं मत होतं. ते बदलावं असं काही कैक वर्षांत घडलं नव्हतं. जपानमधला कुणी खरखरीच्या पलीकडून नुसता पुटपुटला तरी हे खुर्चीत ताठ बसायचे. आणि प्रभाताईंनी गच्चीवरून ओरडून सांगितलं, "अहो, दूध उतू जाईल, गॅस बंद करा," की दूध बिचारं ओट्यावरून खाली यायचं.

दुधाचं सोडा, दूध पुसता येतं. न पुसता येणारं एकच होतं. प्रभाताईंची आई नातेपुत्याला भावाकडे असायची. ती फार थकली, तेव्हा एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता प्रभाताईंनी सगळा धीर गोळा करून विचारलं होतं, "आईला आपल्याकडेच आणू या का, कायमची?" बाहेरच्या खोलीत चिंतामणराव पेपर वाचत होते. उत्तर आलं नाही. पान उलटल्याचा आवाज तेवढा आला. प्रभाताईंनी तेच उत्तर धरलं. पुन्हा विचारतील तर त्या प्रभाताई कसल्या! आई नातेपुत्यालाच वारली. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. पण तेव्हापासून नवऱ्याला काही सांगायचं तर त्या काम करता करता, पाठमोऱ्या सांगायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या नाहीत.

चिंतामणराव पॉलिटेक्निकमध्ये मीटर आणि मोजमापं शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे रेडिओला जास्त लागले. रेडिओवरून जगाशी बोलायचा परवाना जुनाच होता. जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता आणि त्यावर कावळ्यांची सभा भरायची. वर्षातून दोन-तीनदा स्पर्धा असायची. शनिवार-रविवार मिळून जगातली जितकी स्टेशनं गाठता येतील तितकी गाठायची. गाठायची म्हणजे गप्पा नव्हेत. आपलं सांकेतिक नाव सांगायचं, समोरच्याचं घ्यायचं, "फाइव्ह नाइन, टू टू" म्हणायचं, की पुढचा. टू टू हा जगाच्या नकाशातला आपल्या भागाचा आकडा. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. गंमत अशी, की आवाज कितीही मेलेला असला तरी स्पर्धेत सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच देतात.

"निम्मं कळत नाही, तरी खणखणीत?" प्रभाताईंनी एकदा विचारलं होतं.

"पद्धत आहे तशी."

"म्हणजे लग्नघरी खारट वरण खाऊनही, जेवण झकास होतं हो, म्हणायचं. तसंच की."

चिंतामणराव कायम एकट्याच्या गटात उतरायचे. ह्या गटात दुसऱ्या कुणी शेजारून एक अक्षर सुचवलं तरी चालत नाही. तपासायला घरी कुणी येत नसतं. आपण एकट्यानं केलं, असं ज्यानं त्यानं इमानानं लिहून द्यायचं.

त्या रविवारी दुपारी खोलीच्या दाराला जुनी चादर टांगलेली होती, आवाज अडावा म्हणून. कडक भाकरीला दोन दिवस बंदी होती, कारण तिचा कुडुमकुडुम आवाज माईकमधून थेट युरोपात जातो. ताटात दहीभात होता. सगळं नेहमीसारखंच होतं, फक्त सकाळी हेडफोनची वायर तुटली होती. त्यामुळे आजवर ह्यांच्या कानापुरतं असलेलं जग पहिल्यांदाच स्पीकरमधून घरभर पसरलं होतं. शेजारची मायाक्का कढीपत्ता मागायला आली ती उंबऱ्यातच थबकली.

"वहिनी, साहेब कुणाशी भांडायलेत हो?"

"एकेका देशाशी. संध्याकाळपर्यंत उरकेल," म्हणून प्रभाताईंनी तिला कढीपत्ता दिला आणि त्या मेथी निवडायला बसल्या.

मग स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. पातळ, स्वच्छ आवाज. तिनं आपली अक्षरं सांगितली. चिंतामणराव म्हणाले, "क्यू आर झेड?" म्हणजे कोण बोलावतंय मला? तिनं पुन्हा सांगितलं. हे पुन्हा, "अगेन, प्लीज?" तिनं शाळेतल्या पोराला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. हे पुन्हा तेच.

मेथीची जुडी हातात तशीच राहिली. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून 'ओ'ला ऑस्कर, 'वाय'ला यँकी अशी ती इंग्रजी अक्षरमाला प्रभाताईंना अथर्वशीर्षासारखी पाठ होती. 'मुद्दाम करतात की काय हे?' त्यांच्या मनात आलं. 'बाईमाणूस दिसलं की ऐकायचंच नाही, असा नेमच केलाय?' पण ती बाई काही घरची नव्हती. तिचं न ऐकून ह्यांना काय मिळणार होतं? उलट मार्कच जाणार होते.

त्या उठल्या. चादर बाजूला सारून म्हणाल्या, "ऑस्कर यँकी म्हणतीये. आणि शेवटी फॉक्सट्रॉट सिएरा."

"ऑस्कर यँकी? अगं, फॅरो बेटं!" चिंतामणरावांचे डोळे असे चमकले, की आजवर त्यांना फॅरो कधी मिळालं नसणार, हे सांगायलाच नको. विचार करायच्या आत त्यांनी माईकचं बटण दाबलं, तिचं नाव उच्चारलं, फाइव्ह नाइन दिलं. ती बाई काहीतरी बोलली. चिंतामणराव स्पीकरकडे वाकले आणि तसेच राहिले.

"वन फोर म्हणाली. आणि थँक यू," प्रभाताई म्हणाल्या.

"सिग्नल फार खाली गेलाय तिचा," ते म्हणाले आणि सवयीनं त्यांनी सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. तेवढ्यात त्या बाईनं पुन्हा एकदा थँक यू म्हटलं. सुई उठली आणि थेट नऊवर जाऊन टेकली.

जन्मभर ह्या माणसानं पोरांना सांगितलं होतं, तुमचं मत काहीही असो, सुई काय म्हणते ते लिहा.

ते बराच वेळ सुईकडे बघत राहिले. मग विचारलं, "प्रभा, आत्ता ती मोठ्यानं बोलली?"

"शेजारी बसून बोलल्यासारखी."

"मला नुसती फुसफुस आली गं. बाप्यांचे जाड आवाज येतात. हे..." त्यांनी हात हवेत कुठेतरी वर नेला. "हे वरचं येत नाही."

प्रभाताई चादर सोडून आत आल्या.

"झालं. आता एकट्याचा गट संपला," ते म्हणाले.

"कोण बघायला आलंय?"

"मी बघतोय की." त्यांचा हात बंद करायच्या खटक्याकडे गेला. "राहू दे. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं कशाला जगाला हाका माराव्यात?"

इतकी वर्षं ह्या पेटीला शिव्या देणाऱ्या प्रभाताईंनी तो हात धरला. "दोघांचा गट नसतो का?"

"असतो. त्यात मोठमोठे क्लब उतरतात. आपण शेवटचे येऊ."

"मग येऊ की शेवटचे."

"आणि तुझ्याकडे परवाना कुठाय?"

"बोला तुम्ही, ऐकते मी. ह्या घरात दुसरं चाललंय काय?"

चिंतामणरावांना हसू आलं. चष्मा पुसून त्यांनी कॉम्प्युटरवर गट बदलला आणि आपल्या नावाखाली प्रभाताईंचं नाव टाइप केलं. चूक होऊ नये म्हणून एका बोटानं, हळूहळू.

प्रभाताई स्टूल ओढून बसल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष कुठं होतं? त्यांच्या कानात भाकरी थापल्याचा आवाज घुमत होता. थप, थप, थप. नळ चालू होता का तेव्हा? असेल. आणि आपला आवाज तर पातळच. विचारलं तर कळेल, पण विचारायची भीती वाटली. इतकी वर्षं सांभाळलेला राग होता, त्याच्या आधारानं बरंच काही निभावलं होतं. तो खोटा निघाला तर हातात काय उरणार?

त्यांनी स्टूल फिरवलं आणि त्या ह्यांच्या समोरासमोर बसल्या.

"आईला नातेपुत्याहून इकडे आणू या का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. भाकऱ्या करताना."

"मला?" चिंतामणराव म्हणाले. "कधी?"

त्या चेहऱ्यावर शोधूनही लबाडी सापडेना.

"मी तर ही खोली रिकामी करायची ठरवली होती," ते सावकाश म्हणाले. "हे सगळं सामान जिन्याखाली हलवायचं, त्यांची कॉट ह्या खिडकीशी. मापसुद्धा घेतलं होतं. तू विषयच काढेनास. मला वाटलं, भावाला वाईट वाटेल म्हणून तुलाच नको असेल."

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

"तुझा चेहरा बघून धीर झाला नाही."

प्रभाताईंनी पदर तोंडाला लावला. रडू येत होतं, आणि स्वतःचाच रागही येत होता. नुसतं चार पावलं बाहेर येऊन विचारलं असतं तर!

स्पीकरमधून एका जाड्या आवाजानं इंग्रजीत विचारलं, ही जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, कुणी वापरतंय का? उत्तर दिलं नाही तर तो तिथेच ठाण मांडणार. सकाळपासून भांडून मिळवलेली जागा होती. हा आवाज चिंतामणरावांना स्पष्ट ऐकू आला असणार, कारण त्यांनी माईककडे पाहिलं.

"द्या की उत्तर," प्रभाताई म्हणाल्या. "जागा जाईल."

"जाऊ दे. दुसरी शोधू." त्यांनी स्पीकरचा आवाज पार उतरवला आणि खुर्ची पुढे ओढली. "आईंचं सांग. शेवटी कशा होत्या? मला कधी सांगितलंच नाहीस. की सांगितलं होतंस, तेही मला ठाऊक नाही."

"सांगितलं होतं. कपडे वाळत घालताना."

"मग आता परत सांग. इकडे तोंड करून."