वळणातला दात

रबराचं ते काळं टोपण कीबोर्डशेजारी उताणं पडलं होतं — आत एकात एक तीन कडी, बाहेर बोटभर जाडीची कड — आणि तिची करंगळी केव्हापासून त्या कड्यांवरून गोल गोल फिरत होती, आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. काठीच्या टोकाला बसवायचं टोपण. सकाळी येता येता घेतलेलं. आईच्या काठीचं जुनं झिजलंय, आणि तेही घरातल्या घरात झिजलंय, कारण पाच महिन्यांत आई उंबऱ्याबाहेर गेलेली नाही... एवढ्याशा दोन खोल्यांत रबर झिजायला माणूस किती चालत असेल, आणि कुठून कुठे?

पडद्यावर वळण होतं. रस्ता वळतो, त्याच्या कडेनं फुटपाथ वळतो आणि दोघांच्या मधे कर्ब, म्हणजे वीतभर उंचीची काँक्रीटची कड. ही कड संगणकात उभी करायची, हे तिचं काम. संगणक सगळं त्रिकोणांनी विणतो आणि एका जागेला एकच उंची मानतो, म्हणून उभ्या कर्बची वरची रेघ खालच्या रेघेपासून अर्धा सेंटिमीटर मागे सरकवून त्याला फसवावं लागतं. सरळ रस्त्यावर तो बिचारा फसतो. वळणावर मात्र हटून बसतो — गोलाई त्याला कळतच नाही, तो तिचे सरळ तुकडे पाडतो, वरचे तुकडे खालच्या तुकड्यांना ओलांडून जातात आणि एखादा त्रिकोण भलतीच उंची धरून बसतो. मग सगळी कड गुळगुळीत असते आणि मधेच एक दात वर आलेला असतो.

“काय गं, झालं का वळण?” मागून आवाज आला. कचेरीतले वरिष्ठ, खिशात कायम भिंग बाळगायचे आणि प्रत्येक नकाशा त्यातून बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना भिंगच म्हणत.

“दात आलाय त्याला.”

“दुधाचा असेल तर पडेल आपोआप,” भिंग स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन म्हणाले. “चारपर्यंत दे मात्र.”

ते गेले आणि ती त्या दाताकडे बघत राहिली. फुटपाथ जिथे रस्त्याला टेकतो, ढकलगाड्या उतरतात, म्हातारी माणसं उतरतात, बरोबर त्या उतारावरच तो उगवला होता. याला आपण ओळखतो, तिला वाटलं. आणि वाटल्याबरोबर टोपणावरची करंगळी थांबली, कारण ही ओळख आजची नव्हती... दोन वर्षांपूर्वीचं ते वळण, पहिलंच, एकटीनं केलेलं. नकाशा द्यायला तासभर उरलेला, दात काही केल्या जाईना, आणि त्रिकोण दिसेनासे करायची एक साधी कळ असते — ती दाबली. रेघा राहिल्या. सुरेख दिसत होत्या. भिंगांनी भिंग लावून कोपरा न् कोपरा पाहिला, शाबासकी दिली. कागदावरचं सगळं त्या भिंगातून दिसायचं, कागदावर नसलेलं कसं दिसणार? पण कर्ब ओतणाऱ्या यंत्राला कागद नाही, उंच्या दिल्या होत्या, आणि यंत्र आज्ञाधारक असतं.

मला माहीत होतं का? माहीत होतं म्हणावं इतकं नव्हतं, आणि नव्हतं म्हणावं तर पाच महिने ती जुनी फाइल मी उघडली का नाही?

तिनं ती उघडली. कळ दाबली. झोपेतून जागं झाल्यासारखे सगळे त्रिकोण एकदम उमटले, आणि उताराच्या मधोमध तो — चार सेंटिमीटर. बोटांनी मोजलं तर काहीच नाही. दाणकन पडायला पुरेसा.

आई तिथेच पडली होती. बाजाराला सरळ रस्ता असताना वळसा घालून त्याच कोपऱ्यावरून जायची. “हे वळण माझ्या मुलीनं काढलंय,” असं शेजारणीला हाताला धरून दाखवून आली होती, जणू काही मुलीनं स्वतः बसून घमेल्यानं ओतलंय. आणि खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडली असताना पहिलं वाक्य काय, तर “रस्ता चांगला होता गं. माझेच पाय गेले आता.” तेव्हापासून आई म्हातारी झाली. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, चाला, हिंडा. पण आईनं आपल्या पायांवरचा विश्वासच काढून घेतला. आणि ही रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल चोळत होती, गप्प बसून.

फोन वाजला. आईच.

“जेवलीस का?”

“जेवले. तू?”

“मघाशीच. अगं, दारापर्यंत जाऊन आले आज. बाहेर बघितलं आणि परत फिरले. उगाच कशाला विषाची परीक्षा? नवं वळण झालं का तुझं?”

“होतंय,” ती म्हणाली. आई, तुझे पाय चांगले आहेत — एवढंच म्हणायचं होतं, त्याआधीच फोन ठेवला गेला.

मग ती कामाला लागली. गोलाईचे तुकडे बारीक केले, इतके की डोळ्याला ते तुकडे वाटेनात. वरच्या रेघेवरचा प्रत्येक बिंदू खालच्या बिंदूसमोर आणून बसवला. तरी एक त्रिकोण अडून राहिला, त्याची एक बाजू स्वतः फिरवून दुसऱ्या बिंदूंना जोडली. दात गेला. काम अर्ध्या तासाचं होतं. एवढंच होतं, तेव्हाही एवढंच, फक्त कुणाला तरी ‘जमत नाही’ म्हणायचं होतं.

चार वाजता नकाशा घेऊन भिंगांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “जुन्या वळणातही असाच दात आहे. उतारावर. मी तो लपवला होता. आई तिथेच पडली.”

भिंगांनी हातातलं भिंग पुसून खिशात ठेवलं. “पत्र आत्ताच लिहू, तोवर तिथे अडथळा लावायला सांगतो. माझीही सही आहे त्यावर.” मग हळूच म्हणाले, “घरी सांगितलंस?”

तिनं मान हलवली. नाही.

कचेरीत सांगणं इतकं सोपं गेलं, की घरी येताना रस्त्यानं आपण चालतोय हेही तिला जाणवत नव्हतं. उन्हं कलली होती, दुकानांच्या काचांत माणसं उलटी जात होती, आणि तिच्या मनात आईचा आवाज आधीच तयार होता: “असू दे गं, कामात होतं असं.” याचीच भीती होती तर... आईचा अभिमान जाईल म्हणून नव्हे. आई एका क्षणात क्षमा करून टाकील, कुठेच न जाणारे पाय पोटाशी घेऊन बसून राहील, आणि आपल्याला त्या क्षमेत उबदार राहता येईल. पाच महिने आईच्या म्हातारपणाच्या आडोशाला आपण तशाच राहत होतो.

कडी काढायला आईला वेळ लागला. दार उघडून एका हातानं भिंत धरून ती उभी होती.

“आलीस? दमलीस का गं? तोंड का असं?”

“आई, बस जरा. तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल की. उभी आहे तोवर उभ्यानंच ऐकते.”

तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच क्षमा नकोशी वाटत होती. आईनं रागवावं, चांगलं घर डोक्यावर घ्यावं, माझे पाच महिने परत दे म्हणून अंगावर यावं, आणि त्या रागाच्या भरात भिंत सोडल्याचं तिच्या लक्षातही येऊ नये.