अकराचं अकराशी जमतं

कुणी कागद वाचायला सांगितला की मिस्त्रीला अपमान वाटायचा. चाळीस वर्षं सायकली उघडल्या-जोडल्या, त्यासाठी एकही कागद वाचला नाही, हे तो गिऱ्हाइकांना स्वतःहून ऐकवी. गिऱ्हाइकं मान डोलावत, कारण सायकल अजून त्याच्या ताब्यात असे.

या खेपेला मात्र गिऱ्हाईक म्हणजे सख्खी थोरली बहीण होती. अक्काचा सारा जन्म औषधांच्या दुकानात गेला. पंचेचाळिशीला तिने रेसिंग सायकल घेतली आणि लोकांची तोंडं दमेपर्यंत चालवली. आता एकसष्टीला उजव्या हाताच्या बोटांचे सांधे धरले होते. गिअरची लिव्हर आत ढकलायची तर तार ओढण्याइतका जोर लागतो, तोच उरला नव्हता. चढ आला की ती उतरून चालायची. "चालायचंच असेल तर सायकल कशाला बरोबर हिंडवू?" असं म्हणत तिने ती देऊन टाकायचं ठरवलं. मिस्त्रीने हट्टाने आठ दिवस मागून घेतले.

तार काढून बॅटरीवरचे गिअर बसवायचे, असा त्याचा बेत होता. बटण दाबलं की मोटर चेन सरकवते, बोटांना त्रास नाही. सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर ठणकावलं होतं, "मग चेन, मागच्या दातेरी चकत्या, पेडलचा क्रँक, सगळं नवं घ्या. जुन्याशी जमत नाही." नव्या चकत्या बारा, अक्काच्या अकरा; त्या बारा तिच्या जुन्या चाकावर बसल्याच नसत्या. मिस्त्रीने त्याला उडवून लावलं. तारेची लिव्हर बॅटरीच्या डिरेलरला चालत नाही हे खरं. पण डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, आणि तो तारेने ढकलतो की मोटरने, हे चकत्यांना काय कळतंय? अकराचं अकराशी जमतं. त्याने अकरा गिअरच्याच इलेक्ट्रॉनिक लिव्हर आणि डिरेलर मिळवले, चेन-चकत्या जुन्याच ठेवल्या आणि अक्काला छातीठोकपणे सांगितलं, "रविवारी ये नि घेऊन जा."

रविवारी सकाळी अक्का आली, तेव्हा सायकल स्टँडवर खडखडत होती. सगळ्यात लहान चकतीवर चेन गुपचूप फिरे. पुढच्या गिअरसाठी बटण दाबलं की दोन चकत्यांच्या मध्ये करकरे आणि मग दचकून उडी मारे. मिस्त्रीने चार वेळा सगळं जुळवून पाहिलं होतं. दुकानदार खरा ठरला तर अक्काचं सायकल चालवणं आजच संपणार, या विचाराने त्याची पाचावर धारण बसली होती.

"चकत्या झिजल्यात तुझ्या," तो म्हणाला.

"गेल्या आठवड्यापर्यंत बऱ्या होत्या."

"चेनही जुनी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," अक्का म्हणाली, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती. तिने सीटवरून हात फिरवला. "राहू दे रे. केलंस तेवढं पुष्कळ झालं. मी मनाची तयारी करूनच आले होते."

मिस्त्रीला भडभडून आलं. ती चिडली असती तर परवडलं असतं. तो पुसलेलेच पाने पुन्हा पुसत बसला.

अक्का बाकावर टेकली आणि डिरेलरच्या रिकाम्या खोक्यातला घडीचा कागद काढून वाचू लागली. औषधाच्या डबीतली चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तिने कधी कुणाला गोळी दिली नव्हती.

"तू आधी काय केलंस?" तिने विचारलं.

"आधी काय करतात? लहान चकतीवर आणायचं, पलीकडे जाऊ नये म्हणून तिथला स्क्रू आवळायचा, मग बाकीचं जुळवायचं."

"इथे उलटं लिहिलंय. आधी पाचव्या चकतीवर जुळवायचं. स्क्रू शेवटी."

कागदाचं काय घेऊन बसलीस, असं मिस्त्री म्हणणार होता. पण त्याची नजर त्या स्क्रूवर गेली. स्क्रू आधी, ही तारेची रीत त्याच्या हातात मुरलेली. इथे मोटर डिरेलरला न्यायला बघत होती आणि मिस्त्रीने आवळलेला स्क्रू तिला वाटेत अडवत होता. लहान चकतीवर चेन बरोबर दिसत होती ती त्या स्क्रूमुळे. तिथलं बघून जुळवलेल्या बाकीच्या दहाही चुकल्या होत्या.

त्याने स्क्रू सैल केला, चेन पाचव्या चकतीवर आणली, बटण दाबत केसाकेसाने सरकवली आणि करकर थांबल्यावरच स्क्रू लावला. मग एकेक गिअर टाकत गेला. अकराही चकत्यांवर चेन निमूट बसली. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो स्टुलावर बसला आणि एकटाच हसत सुटला.

"झिजल्यात ना चकत्या?" अक्काने विचारलं.

"एकही नाही. झिजलंय ते माझं डोकं."

"ते आहे तसंच चालवून घेऊ."

दुकानासमोरचा रस्ता पुढे चढणीला लागतो. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. जिथे ती नेहमी उतरायची तिथे तिचे पाय भराभर फिरले, आणि ती वर जाऊन दिसेनाशी झाली. पाच मिनिटांत येते म्हणालेली बाई तासाने परतली, घामाने निथळत, चेहरा लालबुंद. आभार मानायची त्या घरात पद्धत नव्हती.

"चार्जर कुठाय?" तिने विचारलं.

"घाई काय आहे? भरलेली बॅटरी दोन महिने पुरते."

"लोकांना पुरत असेल," अक्का म्हणाली. "आण इकडे."