किटलीचा आजार

पिशवीतला श्वास यंत्रात सोडला, की अकराव्या सेकंदाला पडद्यावरची रेघ चढायला लागायची. दहाव्याला नाही, बाराव्यालाही नाही. फुफ्फुस आजारी असेल तर रेघ उंच जायची. निरोगी असेल तर जेमतेम मान वर करायची.

हा आलेख तिने आपल्याकडच्या कॉलेजात असताना परदेशातल्या एका सरांच्या लेखातून वहीत उतरवून घेतला होता. त्याच्यावर भाळूनच तिने त्या सरांना पीएचडीसाठी ईमेलने पत्र लिहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. घरात आनंदीआनंद. बारमाही खोकणारी मावशी म्हणाली, "तुझं यंत्र आलं की पहिली फुंकर माझी हं! मग त्या डॉक्टरचं तोंड बघायला नको."

इथे येऊन तिला तिसरं वर्ष लागलं, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी प्रयोगशाळेतली किटली उकळत होती आणि शेजारी यंत्राचं झाकण उघडं राहिलं होतं. रेघ चढली. अकराव्या सेकंदाला, चांगली उंच.

"अभिनंदन," दादा म्हणाला. "आपल्या किटलीला फुफ्फुसाचा आजार झालाय."

दादा तिच्याच भाषेतला. पीएचडीचं सातवं वर्ष. वय आणि मुक्काम बघून अख्खी प्रयोगशाळा त्याला दादा म्हणायची, सरसुद्धा.

ती हसली खरी, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. रुग्णांचे श्वास रुग्णालयातून आल्याआल्या तपासले जायचे. निरोगी श्वास विद्यार्थ्यांचे; ते पिशव्यांत भरून रात्रभर कपाटात पडायचे आणि तेवढ्यात त्यांतला ओलावा उडून जायचा. तिने रुग्णांचे चाळीस श्वास ओलावा शोषणाऱ्या मण्यांच्या नळीतून सोडले. चाळीसही वेळा रेघ झोपून राहिली. यंत्र आजार मोजत नव्हतं. वाफ मोजत होतं.

"सरांना सांगायला हवं."

"पाण्यात राहून माशाशी वैर? अगं, दरवर्षी तुझ्या इथे राहायच्या परवान्याला पत्र कोण देतं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सात वर्षं आहे मी इथे," दादा कप विसळत म्हणाला. "डोळे मिटून दूध पिणारी मांजरं पुष्कळ पाहिली. हळूहळू मिशा मलाही फुटल्या."

तिने आठ महिने काढले. आधी परीक्षा होऊ दे, मग सर परगावाहून येऊ देत. तोवर ती रोज पिशव्या भरत राहिली, रेघा मोजत राहिली. आई फोनवर विचारायची, "आवाज का गं बसलाय?" "थंडी आहे," ती सांगायची. मग पलीकडून मावशी ओरडायची, "माझ्या फुंकरीचं काय झालं?" आणि ती म्हणायची, "चाललंय."

सरांनी बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक नव्या लेखाचं संमतिपत्र. त्यावर लेखात नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या लागत. दादाची झाली होती. दुसरं तिच्या परवान्याचं पत्र, सरांनी सही करून ठेवलेलं.

"लेख छापून आला की दोन दवाखान्यांत यंत्र बसतंय," सर म्हणाले. "तुझ्या घरच्यांना कळव."

तिने मण्यांच्या नळीचे आलेख पुढे ठेवले. सरांनी ते नीट, शेवटच्या पानापर्यंत पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

"काम चोख आहे. ओलाव्याचं मलाही दिसलं होतं. त्यावर पुढचा लेख करू. तू लिही, पहिलं नाव तुझं."

"आणि तोपर्यंत दवाखान्यात कोरड्या पिशवीतून कुणाचा श्वास तपासला, तर? त्याला तुम्ही ठणठणीत म्हणून घरी पाठवणार."

"यंत्रं हळूहळूच सुधारतात. फार हळवी आहेस तू." त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. "नसेल करायची सही, तर नाव काढता येईल. पण मग तू या प्रकल्पात आहेस असं पत्रात कसं लिहू, सांग."

हे सगळं ते मायेने बोलत होते. चार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या उत्तरातही हीच माया होती.

तिने आपले आलेख गोळा केले.

"मी सही करणार नाही, सर. माझं नाव काढलंत तर का काढलं, ते छापणाऱ्यांना मी कळवणार. पत्र असू द्या तुमच्याकडेच. मी घरी परत जातेय."