काकूंचे लाडावलेले उंदीर

घरात झुरळ दिसलं तरी चप्पल उगारणाऱ्या आमच्या काकू, पण प्रयोगशाळेतल्या चोवीस पांढऱ्या उंदरांशी अशा बोलायच्या, की जणू सख्ख्या बहिणीची पोरं! पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे त्यांचं काम. लाड करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चोवीसांतले आठ धडधाकट होते. बाकी सोळांच्या हृदयाचा एक कोपरा शस्त्रक्रियेने निकामी केलेला, म्हणजे माणसाचं हृदय थकतं तसंच त्यांचं थकलेलं. त्यातल्या आठांना नवं औषध मिळत होतं, आठांना नुसतं साखरपाणी. कोणता उंदीर कुठल्या गटातला, हे ना काकूंना माहीत, ना डॉक्टरीणबाईंना. यादी मोठ्या साहेबांच्या कपाटात, बंद पाकिटात. डॉक्टरीणबाई म्हणजे या औषधामागे चार वर्षं हात धुऊन लागलेली मुलगी. जेवायची शुद्ध नाही, झोपेचा पत्ता नाही.

परीक्षा साधी होती. उंदराला छोट्या ट्रेडमिलवर ठेवायचं. पट्टा सरकला की तो धावणार, मागे पडला की पाठीवर हवेची फुंकर बसणार, आणि फुंकरीनेही हलला नाही की घड्याळ बंद. औषध लागू पडलं असेल, तर औषधवाले साखरपाणीवाल्यांपेक्षा जास्त वेळ धावायला हवेत.

पण सगळेच्या सगळे तीन मिनिटांत बसायला लागले. अहो, धडधाकटसुद्धा!

बाईंनी पट्टा बदलला, मोटर तपासली, खोलीतला दिवा मंद केला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! शेवटी साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही, तर हे औषध बंद. दुसरं काम घ्या." बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुसले आणि पुन्हा मोटर उघडली.

बुधवारी काकू बाटल्या धुवायला गेल्या होत्या, म्हणून बाईंनी एकटीनेच उंदीर पट्ट्यावर ठेवला. सात मिनिटं झाली, आठ झाली, गडी आपला धावतोय! तेवढ्यात काकू आत आल्या. उंदराने नाक हलवलं, थबकला, मागे सरकला आणि पुढचे दोन पाय कठड्यावर टेकून काकूंकडे बघत बसला. जणू म्हणत होता, घ्या उचलून!

घोटाळा कुठे आहे, ते काकूंच्या लख्ख लक्षात आलं. रोज काय व्हायचं, की बाई संगणकाकडे तोंड करून बसायच्या आणि पट्ट्याशी काकू. सासूबाईंना शेवटी शेवटी चार पायऱ्या चढताना लागलेली धाप काकूंनी वर्षभर पाहिलेली. त्यामुळे उंदीर जरा मंदावला की फुंकर बसायच्या आत त्या त्याला उचलायच्या, "बसला हो!" म्हणून ओरडायच्या आणि मानेखाली खाजवायच्या. महिनाभरात चोवीसही जणांना कळलं, की थांबलं की लाड होतात. उंदीर काही खुळे नव्हते.

सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर पोरीची चार वर्षं. काकूंनी बाटल्या खाली ठेवल्या.

"बाई, मोटर चांगली आहे. बिघाड माझ्यात आहे."

सगळं ऐकून बाई एकदम खो खो हसायला लागल्या, इतक्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "काकू, तुम्ही उंदरांना फुकट बसून खायला शिकवलंत!"

साहेब मात्र हसले नाहीत. ते तासभर तडतडले आणि अखेर दोन आठवडे देऊन मोकळे झाले. काकूंना पट्ट्याजवळ फिरकू द्यायचं नाही, असंही म्हणाले. तिथे बाई अडून बसल्या. "उलट त्यांना पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी उभं राहू दे. उंदीर धावले तर त्यांच्याकडे जातील. चोवीसांनाही सारखंच, आणि कोण बसलं ते मी बघीन."

झालं! काकू हाताची घडी घालून पुढे उभ्या, "या रे राजांनो!" म्हणायला मोकळ्या. हात लावायचा तो घड्याळ बंद झाल्यावरच. आणि उंदीर काय सुटले म्हणता! काही वीस मिनिटं पळाले. काही सहाव्या मिनिटाला बसले, तेव्हा काकूंनी स्वतःचे हात पाठीमागे गच्च धरून ठेवले. आणि काही चौदा-पंधरा मिनिटं चिकाटीने धावत राहिले.

साहेबांनी पाकीट फोडलं. पंधरा मिनिटांवाल्या आठांतले सात औषधवाले होते. साहेबांनी यादी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. बाईंनी काकूंना अशी मिठी मारली, की दोघी पिंजऱ्यांच्या रांगेवर आदळता आदळता राहिल्या. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या.

मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "आता त्या सहा मिनिटांवाल्यांचं काय?"

प्रयोग संपला की उंदरांना मारून टाकतात, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"औषध चांगलं आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग त्यांना द्या की! उशिरा दिलं तरी उपयोग होतो का, ते नको का कळायला? माणसं तर डॉक्टरकडे उशिराच येतात."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे.

"हा प्रश्न," साहेब हळूच म्हणाले, "आपल्यापैकी कुणी विचारायला हवा होता."

प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी बाईंनी औषधाची पहिली मात्रा भरली आणि काकूंनी पहिला उंदीर बाहेर काढला, दोन्ही हातांनी, अगदी उघड उघड, सगळ्यांसमोर.